ताई, तुमाले किती भेटते?

पहिल्या दिवशी मी लावलेला पहिला फोन पणजीला लागला. "नागपूरहून बोलते, उन्हाळ्याबद्दल थोडे प्रश्न विचारायचे होते," असं म्हटल्यावर तिकडच्या बाई हसल्या, "गर्मी हांगाय आसा" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. दुसरा कोल्हापूरला. तिसरा लागलाच नाही. चौथा उचलणाऱ्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "माझा नंबर तुम्हाला दिला कुणी?" त्याला काय सांगणार? नंबर कुणी दिलाच नव्हता, संगणकानं बनवला होता.

२०२४च्या एप्रिलमधली गोष्ट. बाहेरगावच्या एका संशोधन गटाला नागपूरच्या उन्हाळ्याची पाहणी करायची होती. रात्री झोप किती वाजता लागली, कूलर किती तास चालला, त्यात पाणी कोण भरतं, ऊन लागून कामाचे किती खाडे झाले, असले साधे प्रश्न. घरोघर जाऊन दर पंधरा दिवसांनी हेच विचारायचं तर खर्च परवडणारा नव्हता, म्हणून फोन. एकूण ७५ हजार रुपये. त्यात मी, फोन करणाऱ्या चार मुली, रिचार्ज, आणि उत्तर देणाऱ्याला दर वेळी २० रुपये. घरोघरच्या पाहण्यांमध्ये मी सहा वर्षं चपला झिजवल्या होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या एका खोलीत कूलरसमोर बसून करायचं काम म्हणजे सुखच, असं मला वाटलं होतं.

संगणकानं नंबर बनवण्याची पद्धत जुनी आणि एरवी चांगलीच आहे. मोबाइल कंपनीला दिलेल्या मालिकेचे पहिले आकडे ठेवायचे, पुढचे कसेही पाडायचे. म्हणजे यादी कुणाच्या मर्जीची राहत नाही. पण आपल्याकडे मोबाइलच्या नंबरवरून जिल्हा कळत नाही, सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा मोठा विभाग तेवढा कळतो, आणि मुंबई सोडली तर सगळा महाराष्ट्र गोव्यासकट एकाच सर्कलमध्ये. २०११च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेशेचाळीस लाख. हिशेब केला तर या सर्कलमधल्या वीस माणसांत एखादाच आपल्याकडचा. हा हिशेब मी फोन लावण्याआधी करायला हवा होता. केला चार दिवसांनंतर. तोवर सहाशे नंबर लावून झाले होते. निम्म्याहून जास्त बंद किंवा अस्तित्वातच नाहीत, एकशे सत्तर जणांनी उचलले, त्यात नागपूर जिल्ह्यातले नऊ, आणि शेवटपर्यंत बोलले तीन. त्यातला एक काटोलचा होता आणि त्याला आमच्या प्रश्नांपेक्षा संत्र्याच्या बागेला पाणी कसं पुरवायचं याबद्दलच बोलायचं होतं.

त्यात निवडणूक. नागपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं आणि त्याआधीचे पंधरा दिवस लोकांना इतके फोन येत होते, की 'पाहणी' हा शब्द तोंडातून निघायचा अवकाश, "मत कोणाले देनार ते विचारून राहिले ना? नाही सांगत" म्हणून फोन कट. आम्ही 'पाहणी'ऐवजी 'चौकशी' म्हणून पाहिलं. त्यावर लोक घाबरले. शेवटी १९ तारखेपर्यंत फोन बंदच ठेवले.

त्या मोकळ्या दिवसांत मिस्ड कॉलची युक्ती काढली. पानठेले, रिचार्जची दुकानं, पिठाच्या गिरण्या अशा जागी चिठ्ठ्या लावल्या: 'उन्हाळ्यावर बोला, मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू, २० रुपये मिळतील.' आठ दिवसांत एकसष्ट मिस्ड कॉल आले. बायका किती? चार. उरलेले जवळपास सगळे खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटून घ्यायला ठेल्यावर उभी राहणारी पोरं, आणि त्यांना उन्हाळ्यापेक्षा वीस रुपयांत रस. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाचा किस्सा संशोधन गटातल्या बाईंनी मला तेव्हा सांगितला. १९३६ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी या साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालानं पाठवल्या, चोवीस लाखांच्या घरात परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदीतून, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांचे. त्यात पत्रिका परत पाठवायची ज्यांना हौस होती, त्यांचीच मतं मोजली गेली. माझ्या एकसष्ट मिस्ड कॉलकडे पाहून मी म्हटलं, आपलाही डायजेस्टच होऊन राहिला.

मग जे टाळायला फोन घेतला होता, तेच करावं लागलं: ऊन. फक्त एकदाच. टांझानियात 'साउती झा वनांची' नावाची फोनवरची पाहणी चालते, तिथेही सुरुवात दारावर जाऊनच झाली होती. दोन हजार घरं निवडली, घरी जाऊन माहिती घेतली, फोन आणि सोबत सौर चार्जर दिले आणि मग पुढचं सगळं फोनवर. आम्हाला फोन वाटणं कुठलं परवडायला! पण एकदा तोंड दाखवून यायचं, हे उचललं. पारडी, वाठोडा, नंदनवन, जरीपटका, मोमिनपुरा, मानेवाड्याकडचे नवे लेआउट. दर पाचवं घर. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर. नऊ दिवसांत दोनशे चाळीस घरं झाली.

दारावर गेलो तेव्हा पैशाची खरी भानगड कळली. सगळ्यांच्या घरात कुणाला ना कुणाला तो अनुभव आलेला होता, निदान शेजारी तरी. "व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा." आधी खरोखर दीडशे-दोनशे रुपये येतात, विश्वास बसतो, मग मोठं काम देतो म्हणून तुमच्याकडूनच भरायला लावतात आणि सगळं जातं. आता विचार करा, या माणसाला अनोळखी नंबरवरून एक बाई फोन करते आणि म्हणते, थोडे प्रश्न विचारते, वीस रुपये देते, तुमचा यूपीआय सांगा. फसवणाऱ्यांनी आमचीच वाक्यं आमच्या आधी वापरून ठेवली होती. जरीपटक्यातल्या एका काकांनी तर तोंडावरच सांगितलं, "वीस रुपये देसान आन् वीस हजार नेसान. मले समजत नाही काय?"

पैसे देण्यामागची कल्पना तशी जुनी आहे. केनियात किलिफीच्या रुग्णालयांमध्ये नेथन ईगल या संशोधकानं परिचारिकांना रक्तपेढीतला साठा एसएमएसनं कळवायला सांगितलं होतं. थोडे दिवस कळवला, मग बंद झाला, कारण एसएमएसचे पैसे त्यांच्याच खिशातून जात होते. मग प्रत्येक एसएमएसमागे त्याच्या खर्चापेक्षा किंचित जास्त टॉकटाइम परत द्यायला सुरुवात केली आणि साठे पुन्हा कळायला लागले. यातूनच पुढे २००९मध्ये टेक्स्टईगल ही कंपनी निघाली: फोनवर छोटं काम, मोबदल्यात टॉकटाइम. गरीब देशांत फोनवरून पाहणी करणाऱ्या पुष्कळांनी हाच रस्ता धरला. आमच्या संशोधन गटाच्याही कागदावर 'रिचार्ज' असंच लिहिलेलं होतं.

पण तो कागद लिहिणाऱ्यांना आपल्याकडचा रिचार्ज आता काय राहिला आहे हे माहीत नसावं. एक काळ होता, दहाचं कूपन खरवडलं की ७ रुपये ४७ पैसे यायचे आणि तेवढ्यात माणूस चार नातेवाइकांशी बोलायचा. २०१८च्या शेवटी कंपन्यांनी किमान ३५चं रिचार्ज करायला लावलं, आणि आता तर ज्याच्या त्याच्याकडे अमर्याद बोलण्याचा पॅक. अशा माणसाच्या फोनवर वीस रुपयांचा टॉकटाइम टाकणं म्हणजे जेवून उठलेल्याला पोळी वाढणं. म्हणून यूपीआय. आणि यूपीआय म्हटलं की वर लिहिलेले ते काका.

रस्ता सापडला तो पारडीतल्या एका आजीमुळे. मी त्यांना कार्ड देत होते, त्यावर आमचे दोन नंबर. त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाही. तू फोन करशीन तवा मी कशी वळखू तुले?" मी म्हटलं, तुम्हीच एक शब्द सांगा आजी, फोनवर आधी तो म्हणेन. त्यांनी क्षणभर विचार करून सांगितलं, "सांबारवडी." त्या संध्याकाळपासून आम्ही प्रत्येक घराला एक शब्द मागायला लागलो आणि आधीच्या घरांनाही परत जाऊन मागितला. कुणी नातवाचं नाव दिलं, कुणी रामटेक, कुणी जयभीम, कुणी तर्री, एका रिक्षावाल्यानं आपल्या गाडीचे शेवटचे चार आकडे. एका घरात नवराबायकोचं शब्दावरून भांडण झालं आणि शेवटी दोघांना दोन वेगळे दिले. वाठोड्यातल्या एका सेंट्रिंगवाल्यानं 'गोळाभात' दिला आणि त्याची बायको आतून ओरडली, "करून मीच घालते न्!"

हा शब्द फसवणाऱ्याला माहीत असण्याची शक्यता नाही, एवढंच त्याचं बळ. फोन उचलल्यावर मुली "नमस्कार" सुद्धा म्हणत नव्हत्या. "सांबारवडी," आणि तिकडून हसू. हसलेला माणूस निदान पहिल्या प्रश्नापर्यंत फोन ठेवत नाही.

एसएमएसचाही नाद करून पाहिला होता, तो थोडक्यात सांगते. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत लिहिलं की ७०. आमचं सहमतीचं एक वाक्य दोन एसएमएसचं झालं, खर्च दुप्पट. शिवाय एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर संस्थेची नोंदणी आणि प्रत्येक मजकुराची आधी मंजुरी लागते. सोडून दिलं.

पैशाचं कधी सांगायचं यावर आमचा आणि गटाचा पुष्कळ वाद झाला. पहिल्या वाक्यात सांगितलं की संशय. मी म्हटलं, सांगूच नका, शेवटी द्या, आनंद होईल. गटातल्या त्या बाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं, माणूस हो म्हणतो तेव्हा त्याला सगळं माहीत पाहिजे, मागून दिलेले पैसे म्हणजे बक्षीस झालं, मोबदला नाही. मला तेव्हा ते पुस्तकी वाटलं. पण मोमिनपुऱ्यातल्या एका घरी मी त्यांना न विचारता माझ्या पद्धतीनं करून पाहिलं. पंधरा मिनिटं छान बोललेल्या ताईंना शेवटी वीस रुपयांचं सांगितलं, तर त्या एकदम गप्प झाल्या. "मैंने तो आपको बहन समझके बताया था," एवढंच म्हणाल्या. पुढच्या फेरीत त्यांनी फोन उचलला नाही. तेव्हापासून आम्ही शब्द, मग आमची ओळख, मग वेळ किती जाईल ते, मग पैसे, आणि मग "बोलायचं का?" हा क्रम धरला.

फोन कुणाचा, ही वेगळीच कथा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरतात असा मोबाइल असल्याचं सांगितलं होतं. उरलेल्यांपर्यंत फोननं पोचायचं म्हणजे नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातातून. दिवसा फोन कामावर गेलेला असतो. त्यामुळे आमची खरी वेळ रात्री साडेआठ ते साडेनऊ, आणि तेव्हा फोन स्पीकरवर, अख्खं घर भोवती. "कूलरसमोर कोण झोपतं?" असं विचारलं की मागून पुरुषाचा आवाज, "सगळेच झोपतो जी!" मग आम्ही उत्तरांना आकडे दिले. मुलगी म्हणायची, "मी दोन गोष्टी वाचते, तुमच्याकडे जी असेल तिचा फक्त आकडा सांगा." त्यासाठी स्पीकर बंद करून फोन कानाला लावायला सांगायचो. ऐकणाऱ्याला नुसतं "एक", "दोन", "दोन" ऐकू यायचं. पहिल्या फेरीत जवळपास सगळ्या घरांत सगळेच कूलरसमोर झोपत होते. आकडे आल्यावर बऱ्याच घरांतल्या बायका स्वयंपाकघरात किंवा दाराशी झोपायला लागल्या.

त्यातलीच एक वाठोड्याची बाई, चार घरची धुणीभांडी करणारी. दुसऱ्या फेरीत प्रश्न अर्ध्यावर असताना तिनंच मला विचारलं, "ताई, मले वीस. तुमाले किती भेटते?" मी खरं सांगितलं, मुलींना एका पूर्ण फोनमागे तीस. माझं मात्र सांगितलं नाही. ती जरा थांबली. "म्हंजे मी बोलू तर वीस, तुमी आयकान तर तीस," म्हणाली. "बरं, विचारा पुढचं."

त्या तिसाचा मला लवकरच हिसका बसला. चौघींपैकी एकीचे फॉर्म फारच सुबक येत होते. कूलर आठ तास, झोप अकराला, खाडे शून्य, पानामागून पान. आमचा फोन साधारण चौदा मिनिटांचा व्हायचा, तिच्या फोनमधल्या नोंदी पाहिल्या तर दोन-तीन मिनिटांच्या, काही तर रिंग जाऊन कटलेल्या. मी तिच्या यादीतल्या दहा घरांना शब्द म्हणून फोन लावला. सहा घरांनी सांगितलं, "या हप्त्यात कोनाचाच फोन नाही आला." मुलीला विचारलं तर ती रडली नाही की खोटं बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, चार वेळा लावून नाही उचलला तर मला शून्य भेटते. त्या चार वेळेचे कोण देईल?" तिला कामावरून काढलं, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दर फॉर्मला पैसे हा नियम मीच लावला होता, स्वस्त पडतो म्हणून. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या तिघींना तासाचे पैसे दिले. नव्वद रुपये तास. बजेट वाढलं, ते माझ्या वाट्यातून गेलं. तिचे छत्तीस फॉर्म फेकून दिले.

मध्येच एका सिमवरून फोन जाणं बंद झालं. घरगुती पॅकवरून दिवसाला सत्तर-ऐंशी वेगवेगळ्या नंबरांना फोन, कंपनीला संशय येणारच. दुसऱ्या सिमचा नंबर लोकांच्या फोनवर लाल रंगात 'स्पॅम' म्हणून दिसायला लागला, कुणीतरी तशी तक्रार नोंदवली होती. त्यानंतर कार्डावर नवा नंबर लिहून द्यायला पुन्हा दारोदार. मेच्या शेवटी. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. दुपारी चारला जरीपटक्यातून निघताना गाडीची सीट अशी तापली होती, की ओढणी ओली करून तिच्यावर टाकली तर ती घरी पोचायच्या आधी कडक वाळली.

आणि ३० मेला ते छप्पन्न. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, बातमी देशभर गेली, नंतर हवामान खात्यानं संवेदक बिघडल्याचं सांगितलं. पण तिसऱ्या फेरीत "काल कसं वाटलं?" विचारलं की लोक अंगात काय झालं ते सांगायचे नाहीत, "छप्पन्न होते ना!" म्हणायचे, जरा अभिमानानंच. तो प्रश्न त्या फेरीपुरता गाळला. खाड्यांचा प्रश्न मात्र कामी आला. खाडा कुणी विसरत नाही, त्या दिवसाचे पैसे गेलेले असतात.

चौथी फेरी ३० जूनला संपली. दोनशे चाळीसपैकी एकशे ब्याऐंशी घरं शेवटपर्यंत राहिली. अकरा जणांचे पैसे कुठे टाकायचे ते ठरलंच नाही, साधा फोन आणि पोरगा बाहेरगावी. त्यांचे मी रोख नेऊन दिले. त्यांतल्या पारडीच्या आजींनी नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि चहा केला.

मुलींची खोली सोडली, एक सिम मात्र जुन्या फोनमध्ये चालू ठेवलं. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर मिस्ड कॉल आला. मी परत लावला.

"गोळाभात बोलून राहिलो जी," तिकडून आवाज. "काल कूलर काढला आमी. लिहून घ्या."

मी म्हटलं, दादा, आपलं काम जूनमध्येच संपलं.

"असं का. मंग वीस रुपये नाही भेटत?"

"नाही."

"नाही तं नाही. लिहून तं घ्या."